चांगुणाबाईंची रोजची दुरुस्ती

चांगुणाबाई वाव्हळेंची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या परभणीच्या कॉलेजातल्या कम्प्युटरची सांगावी लागते. मी तिथं शिपाई होतो. मशीन आलं तेव्हा दारातून आत जाईना, चौकट काढावी लागली, ती गंमत वेगळीच. ते काचेच्या खोलीत, थंड हवेत, नवरीसारखं झाकून ठेवलेलं. दाखले छापायचं काम चांगुणाबाईंकडं, त्यांच्या टेबलावर नुसता पडदा आणि बटनं. पण बसल्या जागेवरून त्या आतल्या मशीनमधली कोणतीही फाईल उघडायच्या, प्रोग्रामची ओळ खोडून दुसरी लिहायच्या. मला वाटायचं, बाई त्यांच्या गावी ताडकळसात बसून परभणीच्या घरातली भांडी लावायल्यात.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. दाखल्यावर वरच छापून यायचं ते नाव प्रोग्राममध्ये लिहिलेलं होतं. बाईंनी लगेच बदललं, एक कागद काढून मला दाखवला. बाबासाहेबांचं नाव. बाईंचे वडील लिंबाजी त्या नावासाठी जेलात जाऊन आलेले. लेकीच्या हातानं छापलेलं बघायला ते सोमवारी ताडकळसहून येणार होते.

दुसऱ्या दिवशी दाखला काढला, तर जुनंच नाव.

"तुमी सेव्ह केलं न्हाई वाटतं," हेडक्लार्क बन्सीधरराव म्हणाले.

"केलं होतं, साहेब."

पुन्हा फाईल उघडली, पुन्हा नाव घातलं. संध्याकाळी नवं, सकाळी जुनं. बाई पार बेजार. "भिंत सारवावी आन् सकाळी उठून बघावं तर पोपडे," म्हणायच्या. अकाउंटंट माणिकराव हसायचे, "बाई, मशीनला अजून जीआर पोचला न्हाई." बाईंना ती थट्टा वाटेना. मला हळूच म्हणाल्या, "कुणीतरी मुद्दाम करायलंय."

सोमवारी त्या ऑफिस उघडायच्या आधीच येऊन काचेशी उभ्या राहिल्या. मीही शेजारी. आत बन्सीधररावांनी उदबत्ती लावली, पत्र्याच्या डबीतून हळदीकुंकू माखलेली एक फ्लॉपी काढली आणि मशीनमध्ये घातली. खंडेनवमीला मशीनबरोबर तिचीही पूजा केली होती. तेव्हापासून दिवसाची सुरुवात त्याच फ्लॉपीनं. तिच्यातला जुना प्रोग्राम रोज सकाळी बाईंच्या दुरुस्तीवर जाऊन बसायचा.

बाई तडक आत गेल्या. "साहेब, ही माझं काम रोज पुसायलीय."

"पुसत न्हाई बाई. हिच्यामुळं तर मशीन सुरळीत चालायलंय."

"मग हिच्यातच नवं नाव लिहू द्या."

"पूजलेल्या वस्तूत खाडाखोड? दसऱ्याला नवी पुजू, तिच्यात लिवा."

लिंबाजी केव्हाच दारात येऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं.

"बन्सीधरराव," ते म्हणाले, "ह्या नावासाठी सोळा वर्सं सगळ्यांनी आमाला थांबाच म्हणलं. आता पूजेसाठी बी थांबायचं का?"

बन्सीधरराव उदबत्ती धरून तसेच उभे. राख मनगटावर पडली तरी हलले नाहीत. मग फ्लॉपी काढून बाईंपुढं ठेवली. "मशीन बंद पडलं तर जबाबदारी तुमची."

"माझी."

फ्लॉपीवर कुणी काही लिहू नये म्हणून लावलेली पट्टी बाईंनी नखानं सोलली, ओळ बदलली, कागद काढला. तर नाव इतकं लांब की शेवटचं विद्यापीठ कागदाबाहेर गेलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"बसा बाबा, अजून जरा."

"बसलोय की."

त्यांनी पुन्हा फाईल उघडली, नाव डावीकडं सरकवलं, पुन्हा छापलं. ह्या वेळी नाव कागदावर आधीच छापलेल्या कॉलेजच्या चिन्हावर आलं. मग नाव दोन ओळींत तोडलं, तेव्हा कुठं नीट बसलं. लिंबाजींनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि कागद बन्सीधररावांपुढं धरला.

"तुमी बी वाचा."

बन्सीधररावांनी खिशातला चष्मा लावला, घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं.