ओटी भरून मठात

मुडबीच्या बस थांब्यावर माझी पेटी अप्पांनी स्वतःच्या डोक्यावर आणली. एरवी त्यांनी माझी साधी पिशवी कधी उचलली नव्हती. पण त्या सकाळी त्यांचा मुलगा स्वामी व्हायला निघाला होता, आणि होणाऱ्या स्वामीला ओझं उचलू देणं त्यांना बरं वाटेना. निम्मं गाव जमलं होतं. पलीकडच्या घरची म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली, तशी मी घाबरून मागे सरकले आणि थेट शेणात पाय दिला. सगळे हसले, अप्पा सोडून. ते म्हणाले, "आता माघारी बघू नको. पोटचं पोर मठाला द्यायलोय, लई मोठी गोष्ट हाय ही."

मुडबीत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखंच काहीतरी पोटात ठेवून घराबाहेर पडलेल्या पोरींनो, बस हुमनाबादच्या रस्त्याला लागली तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आज सांगते. अप्पांना मी फसवतेय, हे मला तेव्हाच कळत होतं.

मी मुलगी आहे हे मला कळायला लागलं तेव्हापासून ठाऊक होतं. बाकी कुणाला ते दिसत नव्हतं, कारण अंगावर शर्ट-पँट होती आणि रेशन कार्डावर मुलाचं नाव. तेविसाव्या वर्षापर्यंत मी तीन स्थळं मोडली. घरात काय ते समजलं होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. शेवटी अप्पांनीच तोडगा काढला. "लगीन नको तर मठात जा. स्वामी झालास की कुनी इचारनार न्हाई, कामून लगीन केलं न्हाई म्हनून." त्यांना वाटलं, घराची अब्रूही राहील आणि पोरही.

गंमत म्हणजे मठात जायचं मलाही होतंच. आम्ही लिंगायत, घरी सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग. रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे टक लावून बसायचं. दिवसातला तेवढाच अर्धा तास असा होता की मी कोण, हा प्रश्न मला कुणी विचारत नव्हतं, मीही नाही. तो अर्धा तास आयुष्यभर पुरवावा असं वाटायचं. फक्त आमच्याकडे स्वामींचा मठ वेगळा आणि अक्कांचा, म्हणजे संन्यास घेतलेल्या बायकांचा, वेगळा. अप्पांनी मला चिटगुप्प्याकडच्या स्वामींच्या मठात घातलं.

तिथं मला कुणी वाईट वागवलं नाही, हे लिहायलाच हवं. आठ महिने राहिले, पाठांतरात सगळ्यांच्या पुढे होते. पण उघड्या अंगाने सगळ्यांबरोबर हौदावर आंघोळ करायची, ओळीत झोपायचं, आणि बाईच्या सावलीपासून लांब राहा हा उपदेश रोज ऐकायचा. माझ्याच सावलीपासून मी किती लांब राहणार? एके दिवशी पूजेनंतर गुरूंसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ विभूती बोटांनी चोळत राहिले. मग म्हणाले, "मठात लबाडी चालत न्हाई. हितनं जा. पन पूजा सोडू नको. कलबुर्गीच्या अलीकडं अक्कांचा मठ हाय, तितं जाऊन इचार."

तिथं बारा अक्का होत्या. मी पडवीत उभी, अंगावर स्वामींच्या मठातली कफनी, आणि आत माझ्यावरून भांडण जुंपलेलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गंगाक्का मोठमोठ्याने बोलत होत्या, मला ऐकू यावं म्हणूनच. "आज हे आलंय, उद्या कुनीबी साडी नेसून आत शिरंल!" मी त्यांना दोष देत नाही. त्या घरातल्या निम्म्या बायका पुरुषांचा मार खाऊन तिथे पोचल्या होत्या. मठाच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या अक्का म्हणतात, त्या बाहेर आल्या आणि मला नियम सांगितला. एक वर्ष सेवा, मग दीक्षा. आणि दीक्षेच्या सकाळी आईने येऊन ओटी भरायची.

ही त्या मठाची जुनी रीत. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशीच मठात निघालेल्या लेकीची ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. म्हणजे पोर घरातून पळून आलेली नाही, घराने तिला दिली आहे, हे साऱ्यांसमोर ठरतं. मी म्हणाले, "अक्का, माझी आई ओटी कशी भरेल? ती मला लेक मानत नाही." त्या म्हणाल्या, "ही रीत तुझ्यासाठी केली न्हाई. तुझ्यासाठी मोडनारबी न्हाई." त्यांनी दिलेल्या खोलीत जाऊन मी रडले. इतर पोरींकडून मागतात तेच त्यांनी माझ्याकडून मागितलं होतं, म्हणून रडले.

ते वर्ष चुलीपुढे गेलं. गंगाक्कांनी मला मुद्दाम भाकरीवर बसवलं. माझी भाकरी परातीतच फाटायची आणि त्या तिच्याकडे बघून फक्त "हूं" म्हणायच्या. रोज शेकड्यांनी माणसं दासोहाला, म्हणजे मठाच्या पंगतीला, यायची. चार महिन्यांनी भाकरी गोल व्हायला लागली. सरकारी ओळखपत्रही आलं, त्यावर माझं खरं नाव. मी ते सगळ्या अक्कांना दोनदा दाखवलं, गंगाक्कांना तीनदा.

मुडबीत एव्हाना कळलं होतं. अप्पांनी बोलणं टाकलं. अव्वा, म्हणजे माझी आई, फोन करायची, पण "जेवन झालं का?" आणि "पाऊस पडायलाय का तिकडं?" याच्या पुढे जात नव्हती. दीक्षेच्या महिनाभर आधी मी तिला ओटीचं विचारलं.  मग ती म्हणाली, "सुनंची वटी भरायला म्हनून साडी घेऊन ठेवलीय मी. कवाची." मी म्हणाले, "सून तर येणार नाही, अव्वा." तिने फोन ठेवला.

दीक्षेच्या दिवशी मी आंघोळ करून पांढरी साडी नेसून पाटावर बसले. आठ वाजले, नऊ वाजले. मोठ्या अक्कांनी दोनदा दाराकडे बघितलं. आई आली नाही तर दीक्षा नाही, आणि मग मी कुठलीच नाही, ना त्या मठाची, ना या. दहाच्या सुमारास फाटकाशी जीप थांबली. आधी माझी धाकटी बहीण गौरा उतरली, मग अव्वा, आणि मग, मला खरं वाटेना, अप्पा.

अव्वा आत आली. अप्पा फाटकाबाहेरच थांबले. एक अक्का त्यांना पडवीत बसायला बोलवत होती, तर ते म्हणाले, "नको ताई. आत समद्या बायकाच राहतात. म्या गडीमानूस कसा येऊ?" आणि लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. ज्या घरात त्यांचं पोर वर्षभर राहिलं होतं, त्या घराबद्दल ते बोलत होते. मला ऐकू यायला हवं होतं ते सगळं त्यात आलं.

अव्वाने तीच साडी आणली होती, जांभळी, मोठ्या काठांची. माझ्याकडे न बघता तिने पदर पसरायला लावला. कपाळाला कुंकू लावलं. पाच ओंजळी तांदूळ, नारळ, खण, आणि वर ती साडी. ओटी भरून झाली. मी पदर दोन्ही हातांनी गच्च गोळा केला आणि उठले.

इथे मी ती चूक केली. ओटी भरली की त्यातले पाच दाणे माघारी घरच्या पदरात टाकायचे असतात, हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. मला नव्हतं. घरात ओटी भरायची वेळ आली की मला गल्लीत पोरांबरोबर खेळायला हाकलायचे. मला हे दाखवलं कुणी, केव्हा?

"अगं ए, उठायलीस कुठं!" अव्वा खेकसली आणि तिने माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. "समदं घर रिकामं करून जायलीस का? पाच दाणे माघारी टाक की! येवडी घोडी झालीस, येवडंबी कळंना व्हय तुला?"

 गौराला बसायची तशी चापट मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली होती. सगळ्यांत आधी हसल्या त्या गंगाक्का. "लेकीला वळन न्हाई लावलं का हो तुमी?" अव्वा कपाळाला हात लावून म्हणाली, "आता कवा लावू? दिली तुमाला. तुमीच लावा." मग बारा अक्का, गौरा, मी, सगळ्या हसत होतो आणि अव्वा डोळे पुसत होती. मी दाणे टाकले. तिने पदराच्या टोकाला गाठ मारली. गौरा सांगते, परत जाताना हुमनाबादला ढाब्यावर चहा पिताना अप्पांना कुणीतरी ओळखीचं भेटलं, कुठून आलात म्हणून विचारलं. अप्पा सरळ म्हणाले, "लेकीला मठात पोचवून यायलोय."

आता मी मठाच्या जीपमधून गावोगाव जाते, पोरींना पूजा शिकवते. मुडबीलाही गेले. कुणी टक लावून बघितलं, मीही टक लावून बघितलं, आणि त्यात मी हरत नाही. तुमच्यापैकी अनेकींच्या आया आल्या नाहीत, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी औरादकडून आमच्यासारखीच एक जण मठात आली, तिचीही आली नाही. दुपारपर्यंत वाट बघितली. मग गंगाक्का सुपात तांदूळ घेऊन उठल्या. "आईच्या जागी मी बसते," म्हणाल्या. "आन पाच दाणे माघारी टाक बरं, आदीच सांगायलेय."

आमच्या भागात पंचमीला लेकी घरी येतात. आम्हाला सणाला जाता येत नाही, मठाचा नियम. या श्रावणात अप्पा बसने आले, पुन्हा फाटकाबाहेरच थांबले आणि लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. "गौराच्या सासरी दिला तेवडाच हाय," म्हणाले, "नंतर भांडू नका दोघी." मी डबा घेऊन आत आले आणि अक्कांना म्हणाले, माहेरचा आहे, हात धुऊन या. घर मला जन्मापासून होतं. माहेर मात्र मी मिळवलं.