शिवलीला अज्जा शोधते

शिवलीला आणि गुंडू हेळवी यांची पहिली भेट झाली तेव्हा गडमुडशिंगीत भूकंप तेवढा व्हायचा राहिला. हेळव्याचा बैल तिला पाहून मागे सरला, तो सरत सरत पार पंचगंगेच्या पुलापर्यंत गेला असं पाहणारे सांगतात. वडावरची वटवाघळं भर दुपारी उडाली. उजळाईवाडीला उतरायला आलेलं विमान वरच्या वर मुंबईला परतलं. त्या दिवशी विमान येणार होतं का, हे कुणी विचारलं नाही आणि सांगणाऱ्यांनीही सांगितलं नाही.

खरं घडलं ते एवढंच. १९९२ सालचा उन्हाळा होता. हेळवी म्हणजे बैल घेऊन गावोगाव फिरणारा वंशावळींचा जाणकार. दोन-चार वर्षांतून एकदा येतो, दारात उभा राहतो आणि त्या घरचा पणजा कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, त्यातला कोण कुणाशी भांडून वेगळा निघाला, हे सगळं एका दमात म्हणून दाखवतो. ऐकणाऱ्याची छाती फुगते आणि हेळव्याच्या पोत्यात जोंधळे पडतात. गुंडूने त्या गल्लीतली लिंगायतांची सगळी घरं घेतली आणि नेमकं भरमाप्पाचं घर सोडून पुढे निघाला.

भरमाप्पाची मुलगी शिवलीला घराला लागूनच मिरची कांडपाचं यंत्र चालवायची. ती तशीच बाहेर आली. भुवया, केस, पदर सगळं तिखटाने लाल.

"ओ पावणं, हे घर दिसलं न्हाय व्हय?"

"दिसलं की."

"मग?"

"ह्या घराची वेल न्हाय माझ्याकडं. तुझ्या अप्पाचा अप्पा कोण, कुणालाच ठाव न्हाय. कुणाला जोडू? ह्या बैलाला?"

गल्ली हसली. शिवलीलाच्या हातात लवंगी मिरचीच्या पुडीचं भरलेलं सूप होतं. पुढचं तिने मुद्दाम केलं की वाऱ्याने केलं याबद्दल दोन मतं आहेत, पण बैलाचं मत एकच होतं. तो शिंकत सुटला, गुंडू डोळे चोळत त्याच्यामागे धावला आणि शिवलीला मागून ओरडली, "माझ्या अज्जाचं नाव मी हुडकून काढते! आणि त्याच्या घरापुढं असा शिमगा घालते की सात गावांत ऐकू गेला पायजे!"

भरमाप्पा ओसरीवर बसून हे ऐकत होता. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी मास्तरांनी आईचंच नाव घातलं होतं, भरमाप्पा शांतव्वा. पोरं त्याला "शांतव्वाचा" म्हणायची. तो पुढे साखर कारखान्यात लागला, रिटायर व्हायला आला, तरी शांतव्वाचाच राहिला. त्याची आई शांतव्वा पोटात भरमाप्पाला घेऊन कुणाच्या घरी राबत होती, पुढे मुडशिंगीला मावशीकडे कशी आली, याबद्दल ती मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. भरमाप्पाने आपल्या परीने हा प्रश्न मिटवला होता. तो कुणी काढला की तो तंबाखू काढायचा.

शिवलीलाचा मिटला नव्हता, कारण तिला पाहायला आलेली तीन स्थळं "मुलीच्या अज्जाचं नाव काय?" या प्रश्नापाशी पोहे संपवून उठली होती. पोहे संपवून, हे महत्त्वाचं. तिसऱ्या वेळी तर दुसऱ्यांदा वाढून घेऊन. त्यानंतर तिने लग्नाचा नाद सोडला, कर्ज काढून कांडप यंत्र घेतलं आणि त्या अनोळखी म्हाताऱ्यावरचा राग मिरचीवर काढायला सुरुवात केली. मुडशिंगीची चटणी त्या वर्षापासून जी तिखट झाली ती आजतागायत आहे.

शांतव्वाच्या बोलण्यात कधीमधी गडहिंग्लजचा बाजार यायचा, तेवढाच धागा. शिवलीला एसटीने गडहिंग्लजला खेपा घालू लागली. जन्माच्या जुन्या नोंदी मोडीत होत्या. त्या वाचायला तिने एक निवृत्त तलाठी धरला. त्याला दर खेपेला किलोभर चटणी द्यावी लागे, म्हणून तो सावकाश वाचायचा. अखेर १९९३च्या दिवाळीआधी १९३६ सालची नोंद निघाली. मुलगा. आई शांतव्वा. बापाच्या रकान्यात रेघ. आणि शेवटी, खबर देणारा: चन्नबसाप्पा पट्टणशेट्टी, मिरचीचे अडते.

"सापडला!" शिवलीला कचेरीत ओरडली.

"अवं, त्यानं फकस्त खबर दिल्या," तलाठी म्हणाला.

"ज्याच्या मनात काय न्हाय, त्यो मोलकरणीच्या पोराची खबर द्यायला कचेरीत कशाला जाईल? सांगा की!"

तलाठ्याला उत्तर ठाऊक असावं. पण चटणीची पिशवी अजून तिच्या हातात होती.

चन्नबसाप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती. अडत त्यांचा मुलगा अमरेश चालवत होता. शिवलीलाने त्या दिवसापासून पट्टणशेट्टींच्या अडतीवरची मिरची आपल्या यंत्राला वर्ज्य केली. बायका मिरची घेऊन आल्या की ती आधी विचारायची, "कुठली?" बायका बिनदिक्कत "संकेश्वरची" म्हणायच्या आणि पट्टणशेट्टींची मिरची कुटून न्यायच्या. यंत्राचा दांडा आदळला की ती मनात म्हणायची, हा चन्नबसाप्पाच्या टाळक्यात. असं तेरा वर्षं चाललं. एवढ्या काळात चन्नबसाप्पाच्या टाळक्याचं पीठ होऊन ते वस्त्रगाळसुद्धा झालं असेल. पण पुरावा नव्हता.

तो शेजारच्या बापूसोंच्या घरातून आला. बापूसोंची दीपा बंगळूरला प्रयोगशाळेत कामाला होती. २००६च्या सुटीत ती चटणी न्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "शिवलीलाक्का, आता कळतं हे. बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, एक खूण जशीच्या तशी उतरते. भरमाप्पाकाकांच्या गालातला नमुना घ्यायचा आणि त्या घरातल्या पुरुषाचा. जुळलं तर जुळलं."

भरमाप्पाने तोंडातली तंबाखू थुंकायला एक दिवस घेतला आणि आ करायला दुसरा. राहिला अमरेश.

शिवलीला दीपाला घेऊन सरळ त्याच्या अडतीवर गेली. बासष्ट वर्षांचा अमरेश लोडाला टेकून मिरचीचा भाव फोडत होता.

"पावणं कुठलं?"

"मुडशिंगीची. शांतव्वाची नात. तुमच्या अप्पानं माझ्या अज्जीला फसवलं. माझा अप्पा तुमचा भाऊ लागतोय."

हमालांनी पोती होती तिथे टेकवली. आता अमरेशअण्णा उठणार आणि ही बाई रस्त्यावर जाणार, असं सगळ्यांना वाटलं. अमरेश हसला.

"पुरावा?"

"गालाच्या आतनं कापूस फिरवायचा. बंगळूरला पाठवायचा. खरं काय ते येतंय."

"एवढंच व्हय? घे की!" अमरेशने हमालांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, भिंतीवरच्या बसवेश्वरांसमोर जबडा उघडला. "दोन्ही गालांतलं घे. पर एक ठरवू. खोटी पडलीस तर माझ्या अप्पाच्या फोटोपुढं नाक घासायचं."

"आणि खरी पडले तर?"

"तर चौकात हुभं ऱ्हाऊन भरमाप्पाला भाऊ म्हणंन."

"शब्द?"

"अडत्याचा शब्द हाय. सगळी ऐकालेत."

इतक्या खुशीने तोंड उघडणारा माणूस दीपाने आजवर पाहिला नव्हता. तिला जरा शंका आली. शिवलीलाला आली नाही.

दीड महिन्याने दीपाचा फोन आला. "अक्का, जुळलं. पण नीट ऐक, याचा अर्थ एवढाच की दोघांच्या बापांची वेल एक आहे. त्या वेलीतला नेमका कोण, हे हा कागद—"

"जुळलं" या शब्दालाच शिवलीलाने फोन ठेवला होता.

तिने दिवस निवडला तो चन्नबसाप्पांच्या पुण्यतिथीचा. पट्टणशेट्टींच्या घरी त्या दिवशी सगळी भाऊबंदकी जेवायला असते. हिने दोन हलगीवाले घेतले आणि गुंडू हेळव्याला शोधून आणलं. गुंडू आता म्हातारा झाला होता. बैल नवा होता, म्हणून आला. भरमाप्पाला बोलावलं तर तो म्हणाला, "मला कारखान्याच्या पेन्शनचं काम हाय." रविवार होता.

पंगत बसली होती, पानांत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढून झाली होती, तेवढ्यात हलगी कडाडली. शिवलीला अंगणात येऊन उभी राहिली आणि चौदा वर्षं साठवलेलं सगळं तिने हार घातलेल्या फोटोवर सोडलं. "मोलकरीण बघून हात टाकणारा! पोटुशीला घराबाहेर काढणारा! त्याच्या नावानं जंगमांना जेवायला घालताय? अवं, त्याच्या पोराला कधी घातलंसा का?" बरंच बोलली. त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही आणि उरलेलं कानडीत होतं. मग तिने कागद अमरेशच्या पानाशेजारी टाकला. "वाचा. जुळलंय."

अमरेश हसतच कागद उचलायला गेला. वाचता वाचता त्याचं हसू हुग्गीत पडलं.

"हे कसं जुळंल?"

"का न्हाय जुळणार?"

"मी दत्तक हाय की!"

हलगी थांबली. शिवलीला हेळव्याकडे वळली. "व्हय ओ? ह्यो दत्तक हाय?"

"हाय," गुंडू म्हणाला.

"आणि ह्या घराची वेल म्हणताना कधी बोलला न्हाईसा?"

"आमच्यात दत्तक म्हंजे पोटचाच. जो गादीवर बसला त्यो त्या घरचा. तसं वेगळं काढून म्हणाय लागलो तर जोंधळं कोण घालंल?"

आता दोन गोष्टी एकदमच उजेडात आल्या. आपल्या गालातल्या नमुन्याचा चन्नबसाप्पांशी काही संबंध नाही, तो जुळणं शक्यच नाही, हे अमरेशला पक्कं ठाऊक होतं. हिला भर दुकानात खोटी पाडून नाक घासायला लावायचं, म्हणूनच त्याने एवढा आ केला होता. आणि नमुना तरीही जुळला होता. म्हणजे तो चन्नबसाप्पांशी नव्हे, अमरेशच्या जन्मदात्याशी जुळला होता.

"गुरुलिंगा," पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. ही चन्नबसाप्पांची धाकटी बहीण, आक्का. वय पंच्याऐंशी, दात शून्य. एवढ्या गोंधळात हुग्गी फक्त तिने खाणं चालू ठेवलं होतं. "वहिनीचा भाऊ, गुरुलिंगा. हुक्केरीकडनं आला आणि हितंच ऱ्हायला. बारा वर्सं आयतं खाल्लं. सरहद्दीच्या अलीकडं त्याच्या घराण्यातला दुसरा पुरुष न्हवता. शांतव्वाला दिवस गेले तसा पळाला. दादानं तिचं बाळंतपण घरात केलं, कचेरीत जाऊन खबर दिली, तिला मावशीकडं पोचवली. घरात जन्म झाला की घरधन्यानंच खबर द्यायची असती. मग गुरुलिंगा परत आला, दादानंच त्याचं लगीन लावलं, दादाला पोर न्हवतं म्हणून त्याचं पोर मांडीवर घेतलं." तिने अमरेशकडे बोट केलं. "हे."

तेरा वर्षं जो माणूस यंत्राच्या दांड्याखाली कुटला गेला, तो त्या सगळ्या भानगडीतला एकटा भला माणूस निघाला. शिवलीला फोटोकडे बघायचं टाळून म्हणाली, "त्या गुरुलिंगाचं घर कुठं हाय?"

"घर? ह्या वसरीवर झोपायचा."

"समाधी?"

"तिच्यावरनं रस्ता गेला की."

शिमगा घालायला दारच उरलं नाही. सूड उगवायचा तर निदान एक उंबरा लागतो. शिवलीलाने चहूकडे पाहिलं. त्या नालायक म्हाताऱ्याचं उरलेलं एकमेव खुणेचं माणूस समोर पानावर बसलं होतं.

"बरं. ठरलंय तसं करा. चला चौकात. भाऊ म्हणा."

अमरेशने हात धुतले. "चन्नबसाप्पाच्या नावावर शब्द दिलता. गुरुलिंगाप्पाचं काय ठरलं न्हवतं."

"खरं ठाव असून आ केलासा! मला नाक घासायला लावायला!"

"व्हय की! लावणारच हुतो!"

"गुरुलिंगाचाच ल्योक शोभतोय! त्याच्यासारखाच पळपुटा!"

एवढं बोलून ती हलगीवाल्यांना घेऊन चौकात गेली आणि अमरेशचं काम तिने स्वतःच उरकलं. अमरेश पट्टणशेट्टी हे गुरुलिंगाप्पाचे चिरंजीव, भरमाप्पा हे त्यांचे थोरले बंधू, आणि धाकट्याला थोरल्याची लाज वाटते, हे तिने मिरचीबाजाराला तीनदा ऐकवलं. हलगीचे पैसे दिलेलेच होते.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने बापाला सगळं सांगितलं. भरमाप्पाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तंबाखू मळायची थांबवून.

"गुरुलिंगाप्पा," तो एकदा म्हणून बघावं तसं म्हणाला. "अव्वानं नाव घेतलं न्हवतं म्हंजे त्यो घेण्यासारखाच नसणार, हे मला पैलंच वाटलंतं."

"अप्पा, तुमाला राग कसा येत न्हाय ओ?"

"तुझ्याकडं लई हाय की. घरात दोघांना कशाला पायजे?"

अमरेशने तिच्यावर बदनामीचा खटला भरला. शिवलीलाने त्याच्यावर शब्द मोडल्याचा दावा लावला. दोन्ही प्रकरणं गडहिंग्लजच्या कोर्टात दोन वर्षं चालली. २००९च्या मार्चमध्ये, दोन्ही पक्ष तारखेला गैरहजर असल्याने, ती काढून टाकण्यात आली.