तुमच्यातला खेळ

"कम ऑन, डू द कबड्डी!"

कॉनर ओरडला आणि मैदानावरचे सगळे माझ्याकडे वळले. कंपनीचा फॅमिली डे होता. दुबईबाहेर वाळवंटात रग्बीचं मैदान, पाणी पाजून पाजून हिरवं ठेवलेलं. कॉनर आमचा प्रोजेक्ट डायरेक्टर. आयरिश. डब्लिनच्या महागड्या शाळेत शिकलेला, त्या शाळेची रग्बीची जर्सी चाळिशीतही मिरवणारा. माझ्या बायोडेटात त्याने वाचलं होतं, कबड्डी, राज्य पातळी.

त्याआधी तो डोनलच्या मागे लागला होता. डोनल साइट इंजिनिअर, तोही आयरिश, पण खेड्यातला. त्याचा खेळ हर्लिंग. लाकडी काठ्या, छोटा चेंडू. कॉनर म्हणायचा, ती चिखलातल्या गुराख्यांची मारामारी. डोनल म्हणायचा, रग्बी म्हणजे इंग्रज साहेबांची चाकरी. ड्रॉइंग ऑफिसातला एक आयरिश पोरगा इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा वेडा होता, त्याला हे दोघे मिळून हसायचे. देश एक, बोली एक. तरी कोण कुठला खेळ बघतो यावरून एकमेकांचं घराणं काढायचे.

त्या दिवशी डोनलचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात कॉनरला मी दिसले.

मी केलं. सलवार-कमीजमध्ये, गवतावर एकटीच वाकले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. समोर संघ नाही, रेषा नाही. शूटिंग करायला मोबाइल उंचावले गेले. माझ्या आवाजाची नक्कल झाली. सगळ्यात मोठ्याने हसला तो डोनल.

का केलं? बँका कोसळल्या होत्या. अर्धवट टॉवरांवरच्या क्रेन थांबल्या होत्या. ऑफिसात रोज कोणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. नवऱ्याचं शारजातलं वर्कशॉप बंद पडलं होतं, घर माझ्या पगारावर चालत होतं. म्हणून केलं.

परतताना आमच्या एचआर मॅनेजरांनी मला गाडीतून सोडलं. पुण्याचे. आडनाव लिहीत नाही.

"मनाला लावून घेऊ नका हो," ते म्हणाले. "इट वॉज ऑल इन गुड स्पिरिट. बाकी कबड्डी तुमच्यात जास्त, नाही का? आमच्याकडे पहिल्यापासून क्रिकेट."

तुमच्यात.

मी खिडकीबाहेर बघत बसले. आणि शाळेचं मैदान आठवलं. आमची वस्ती गावाबाहेर. वस्तीतल्या आम्ही पोरी एका संघात, वरच्या आळीच्या पोरी दुसऱ्या. मी चढाईला गेले की त्या मला पकडायच्याच नाहीत. मागे सरत सरत रेषेबाहेर जायच्या, बाद व्हायच्या. सर म्हणायचे, "बघ, सगळ्या तुला किती घाबरतात!" मी ते खरं धरलं. त्या जोरावर जिल्ह्याला गेले, राज्याला गेले.

त्या घाबरत नव्हत्या. त्यांना मला हात लावायचा नव्हता.

इतकी वर्षं हे कसं कळलं नाही? अल कुसैसला घराजवळ उतरले. मॅनेजर हसून "गुड नाइट" म्हणाले. मी गाडीचं दार लावून जिना चढले.

दुसऱ्या दिवशी डोनल पॅन्ट्रीत आला. "सॉरी," म्हणाला. "तो मला सोडून तुझ्याकडे वळला ना, मला हायसं वाटलं."

"दिसलं मला," मी म्हटलं. त्याला अजून काहीतरी ऐकायचं होतं. मी चहा घेऊन निघून गेले. महिन्याभरात त्याचीही नोकरी गेली.

मग एकदा क्लायंटची माणसं आली. मीटिंग संपली, जेवण आलं. कॉनर खुशीत होता. मी फाइल्स ठेवायला आत गेले तर म्हणाला, "थांब. यांना ते श्वास धरायचं करून दाखव."

"नाही," मी म्हटलं.

"जस्ट फॉर फन!"

"सात माणसं उभी करा. मला पकडा. मग खेळते. नुसता आवाज काढणार नाही."

कोणी हसलं नाही. मॅनेजर हळूच मराठीत म्हणाले, "अहो, करून टाका ना. दिवस कसे आहेत बघताय ना?"

"सर, तुम्ही करा."

फाइल्स टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आले.

गुरुवारी मला बोलावलं. खलास. कारण मंदीचं सांगितलं, मॅनेजरांनीच. माझ्याकडे न बघता.

घरी नवऱ्याने एवढंच विचारलं, "तोंडावर नाही म्हणालीस?"

"हो."

"बरं केलंस." म्हणाला, पण जेवला नाही. मीही नाही.

पुढचं वर्ष वाईट गेलं. दुबईतल्याच करामा भागात, सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या एका दुकानात कमी पगारावर बसले. नवरा डिलिव्हरीची व्हॅन चालवू लागला. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, अल कुसैसच्या मोकळ्या प्लॉटवर मी वाळूत रेषा आखल्या. आधी शेजारची मल्याळी नर्स आली. मग तिच्या मैत्रिणी, मग हैदराबादच्या दोघी बहिणी.

आपल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. बाई फोनवर गोड बोलल्या. "लावणी आणि फॅन्सी ड्रेसच्या मधे पाच मिनिटं कबड्डीचा आयटम कराल? नऊवारीत छान दिसेल."

"आयटम नाही. मॅच ठेवा. पूर्ण वेळ, पंच लावून."

"अहो, तेवढा वेळ कुठला?"

"मग नको."

फोन मीच ठेवला.

आता शुक्रवारी कोणी ना कोणी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतं. काच खाली होते, मोबाइल बाहेर येतो. मी खेळ थांबवते. रेषेपर्यंत जाते आणि सांगते, चपला काढा, आत या, नाहीतर निघा. बघ्यांसाठी आम्ही खेळत नाही. ज्या दिवशी बघ्यांसाठी खेळायची वेळ येईल, त्या दिवशी या रेषा मी स्वतः पायाने पुसेन.