चिमीला देऊ नये

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये डबा उघडत होते. "सकाळी गेले गं हे," एवढंच ती म्हणाली. मी वेड्यासारखी तिच्याशी भांडायलाच लागले... असं कसं होईल, परवा तर दादा माझ्याशी अर्धा तास बोलला, हसत होता! वहिनी शांतपणे म्हणाली, "तुझ्याशी हसतच बोलायचे ते." त्या वाक्याची मला तेव्हाच भीती वाटली. महिना उलटून गेला, अजून वाटते.

सुधीरदादा माझा मामेभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात लेथवर टर्नर होता आणि सुटीच्या दिवशी कॉलनीतल्या केबलवाल्याकडे बसायचा. आम्ही वणीला. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर मला सगळ्याचीच भीती वाटायची. आईला बाजारातून यायला जरा उशीर झाला की माझे हातपाय गार. त्याच वर्षी टीव्हीवर हिंदीत डब केलेली एक कार्टून मालिका लागायची. समुद्रावर तरंगणाऱ्या घरात राहणारी एक मुलगी आणि तिचे नावाडी बाबा. आमच्याकडे केबल पोचली नव्हती, म्हणून दादा दर रविवारी ती कॅसेटवर उतरवायचा आणि सोमवारच्या एसटीच्या कंडक्टरकाकांकडे द्यायचा. शाळा सुटली की मी स्टँडवर हजर! शेजारच्या काकूंच्या व्हीसीआरवर पाहायची आणि परतीच्या गाडीने कॅसेट नाशिकला पाठवून द्यायची, असा आमचा शिरस्ता होता.

ती मालिका म्हणजे नुसती पळापळ. वादळ येणार, शीड फाटणार, बाबा काहीतरी शक्कल लढवणार, की वादळ गेलंच. पंधरा मिनिटांत संकट येऊन निघूनही जायचं आणि तेवढा वेळ मी घाबरायचं विसरायचे. शेवटी बाबा लांबच्या सफरीवर निघतात. ते परत येणार, हे मी धरूनच चालले होते.

सात वर्षांनी तिची पुढची मालिका आली. तोवर मी अकरावीसाठी मामाकडे राहायला आले होते. दादाशेजारी बसून पाहिली आणि अस्सा राग आला म्हणून सांगू! मुलगी मोठी झालेली, घरात एकटी. तीन-तीन मिनिटं कोणी बोलत नाही. ती दोर गुंडाळत बसते, बाहेर पाणी आपटत राहतं. भीती धड समोर येत नाही, त्यामुळे जातही नाही. त्यात बाबा चक्क मेलेले!

"हे कधी मेले?" मी ओरडले. "यांना आपलीच पहिली गोष्ट आठवत नाही का?"

दादाने उगाच टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "हां... चुकले असतील."

"आणि केवढं रटाळ!"

"रटाळ नाही गं चिमे. मोठं झालंय ते, घाई करत नाही. मला तर लय आवडतं."

पुढे पाच-सहा वर्षं हा आमचा ठरलेला वाद. त्या चुकीवर मी कॉलेजच्या अंकात तावातावाने लेखसुद्धा लिहिला. दादाने तो चार जणांना कौतुकाने वाचून दाखवला.

गेल्या वर्षी त्याचं पोट दुखायला लागलं. फोनवर तो दवाखान्यातल्या गमती सांगायचा. शेजारच्या खाटेवरचे आजोबा वॉर्डबॉयला लग्नाची स्थळं कशी सुचवतात, वगैरे. "मी येऊ का?" म्हटलं की म्हणायचा, "आता येऊन काय करतेस? द्राक्षं लागली की ये." मी निर्धास्त राहिले. खरं तर निर्धास्त राहणं मला सोयीचं होतं. पुढचं विचारायची हिंमत नव्हती.

तेराव्यानंतर वहिनीने दोन कॅसेट हातात ठेवल्या. एक माझ्या ओळखीची. दुसरीवर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पूर्ण. चिमीला देऊ नये.'

"दोन व्हीसीआर जोडून तुझी कॉपी वेगळी करायचे," वहिनी म्हणाली. "तुला भीती वाटेल ते सगळं गाळून. पहिल्या मालिकेतच बाबा बुडतात गं..."

म्हणजे पहिल्या मालिकेतही ती लांबलचक शांतता होती, मरणही होतं. मालिकावाले चुकले नव्हते. माझी हसरी, धावती मालिका दादाने केली होती, एका बाप गेलेल्या पोरीसाठी. आणि आपला दवाखानाही त्याने तसाच गाळून मला पाठवला होता, एकेका फोनमधून. मला त्याचा फार राग आला. नवव्या वर्षी ठीक होतं रे दादा, पण मी तेवीस वर्षांची आहे... मला यायचं होतं.

परवाच्या रविवारी सातपूरला गेले. त्याच्या खोलीत व्हीसीआर आहे तिथेच आहे. 'पूर्ण' लिहिलेली कॅसेट लावली आणि वहिनीला शेजारी बसवलं. पडद्यावर बाबांनी नाव सोडली. कोणी बोलेना. नुसता पाण्याचा आवाज. माझा अंगठा आपोआप रिमोटवर गेला. बाकी सगळी बटणं शाबूत आहेत, फक्त पॉजचं अक्षर, गाळायच्या जागी दादा दाबायचा ते, पार झिजून गेलंय.

मी रिमोट वहिनीच्या हातात दिला. म्हटलं, "मी कितीही सांगितलं तरी थांबवू नकोस."

हातपाय गार पडले होते. मी दोनदा थांबव म्हटलं. तिने थांबवलं नाही.