चौथ्या पिंपावरच्या रेघा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही – आणि तिला तर मी माझ्या दाढदुखीपासून सुनेच्या आईपर्यंत सगळं सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जरा बसा. मी लगेच मुद्द्यावर येणार नाही. यायची हिंमत असती तर सहा वर्षं लागली असती का?

मी नाशिककडची, द्राक्षाच्या गावातली. नवरा इकडे अमेरिकेत, सिअॅटलजवळ रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. त्याची नोकरी संपत आली तेव्हा आम्ही घाटापलीकडे पाच एकर घेतले आणि काळी द्राक्षं लावली. शेजारच्या टेकडीवर ख्रिस्ती साधूंचा एक मठ आहे. तिथले ब्रदर आणि आम्ही आसपासचे सात-आठ बागायतदार मिळून एक रेड वाइन करतो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "साधू आणि दारू? अगं बाई, कुठे जाऊन पडलीस तू!"

प्रत्येकाची वाइन वेगळ्या लाकडी पिंपात, हिवाळाभर मठाच्या तळघरात मुरते. एप्रिलमध्ये सगळे जमून चाखतात. ज्याचं पिंप सर्वांत सरस, ते मोठ्या टाकीत पहिलं ओततात, बाकीची त्यात मागून मिसळतात. बाटलीवर कुणाचंच नाव नसतं. पहिलं ओतायचं, एवढाच काय तो मान. आणि तो मला नऊ वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. द्राक्षात जन्म गेला हो माझा! दरवर्षी टाळ्या वाजवायच्या, घरी यायचं आणि नवऱ्यावर भांडी आपटायची.

मग मीरा आली. सिअॅटलमध्ये जन्मलेली, वाढलेली. वकिली सोडून आमच्या शेजारी दोन एकर घेऊन बसली. मला मावशी म्हणायची. पोरीला छाटणी म्हणजे काय, तेही ठाऊक नव्हतं. मीच शिकवलं – कात्री कशी धरायची, काडीवर डोळे किती राखायचे, घड विरळ कधी करायचे. वकिली सोडली म्हणून तिचे बाबा तिच्याशी बोलत नव्हते. पहिली वाइन चाखायला बाबांना बोलावणार, हे ती इतक्यांदा म्हणायची की मला पाठ झालं होतं. चार वर्षांनी तिचं पीक आलं. एकच पिंप भरलं. रांगेतलं चौथं.

तळघर ब्रदर ल्यूक सांभाळायचे. ऐंशी ओलांडलेले, पण कुठल्या साली कुणाच्या द्राक्षावर गारा पडल्या, ते सांगायचे. मीराचा रस पिंपात भरताना त्यांनी घोटभर चाखला – आणि डोळे मिटले. माझ्या रसाला त्यांनी इतक्या वर्षांत कधी डोळे मिटले होते?

आता कामाचं सांगते, त्याशिवाय कळणार नाही. लाकूड थोडी थोडी वाइन पितं. पिंपात जागा झाली, हवा शिरली, की वाइन आंबते. म्हणून दर पंधरा दिवसांनी बूच काढून पिंप राखीव वाइनने काठोकाठ भरायचं, आणि वर खडूने एक रेघ मारायची. कुणी भरलं ते लिहायचं नाही – केल्या कामावर नाव घालायचं नाही, ही मठाची रीत. त्या हिवाळ्यात हे काम दोघांकडे होतं, ब्रदर ल्यूक आणि मी. ज्याला जमेल त्याने करायचं. रेघ दिसली की दुसऱ्याने पुढे जायचं.

पहिल्याच खेपेला मी मीराच्या पिंपातून पेलाभर काढून प्यायले. चांगली होती. खोटं कशाला बोलू – माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. काल आलेली पोर! माझ्याच हाताखाली शिकलेली! मी बूच नुसतं टेकवलं. पिंप भरलं नाही.

आणि रेघ मारली.

विसरले, असं म्हणता आलं असतं. पण विसरलेला माणूस रेघ मारतो का? पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हिवाळाभर मी मुद्दाम ब्रदरच्या आधी पोचायचे. बाकीची पिंपं निगुतीने भरायचे, आणि चौथ्यापाशी आले की फक्त खडू.

एप्रिलमध्ये मीराचे बाबा आले. पोर्टलंडहून ड्राइव्ह करून, इस्त्रीचा शर्ट घालून. तिने पहिला पेला त्यांनाच दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं न करायचा प्रयत्न केला. वाइनचं निव्वळ व्हिनेगर झालं होतं. तिने स्वतः चाखली, मग माझ्याकडे वळली. "मावशी, माझं काय चुकलं? आय डिड एव्हरीथिंग यू सेड."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "होतं गं असं कधी कधी."

ब्रदर ल्यूक पिंपापाशी वाकून रेघा मोजत होते. सगळ्या जागेवर होत्या. मग ते सरळ झाले आणि सगळ्यांदेखत मीराला म्हणाले, चूक माझी आहे, रेघ मारली आणि भरायचं राहिलं, माझं डोकं आता चालत नाही. त्यांनी तिची माफी मागितली. मी तिथेच होते, दोन हातांवर. त्याच आठवड्यात त्यांनी तळघराची किल्ली स्वतःहून परत केली.

त्या वर्षी पहिलं पिंप माझं ओतलं. हसत ओतलं मी. फोटो आहे.

मीराने बाग विकली. आता दूर अर्विंग शहरात असते, पुन्हा वकिली करते, दिवाळीला न चुकता फोन करते. ब्रदर खिशात वही ठेवतात. दार लावलं तरी लिहितात, जेवले तरी लिहितात. त्यांचं डोकं ठणठणीत होतं हो. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस गप्प बसला. आता ते खरंच विसरतात.

मी रविवारी भेटायला जाते. मठ दहा मिनिटांवर आहे. बाकी काही आठवो न आठवो, ते माझा हात धरून दर वेळी विचारतात – त्या मुलीने मला माफ केलं का? मी म्हणते, केलं.

मीरा मराठी बोलते, पण तिला वाचता येत नाही. ब्रदरचा तर प्रश्नच नाही. हे मी मराठीत लिहिलंय, ते त्यामुळेच.