हसतमुख पाहिजे

त्र्यंबकेश्वरच्या योगेशशेठने आपल्या लॉजसाठी जाहिरात दिली, तिच्यात पगाराचा आकडा सोडून सगळं होतं. उमेदवार उत्साही हवी, बहिर्मुख हवी, सकारात्मक ऊर्जेने भरलेली आणि सदैव हसतमुख हवी. काम काय, तर किल्ली द्यायची आणि गरम पाणी कधी येतं ते सांगायचं. शेठ नुकताच नाशिकला हॉटेलवाल्यांच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता. तिथे कानावर पडलेले शब्द त्याने जाहिरातीत ओतले. त्यांचा अर्थ कुणी विचारला असता तर त्याची पाचावर धारण बसली असती.

हर्षाली या शब्दांत कुठेच बसत नव्हती. अंजनेरीच्या बाजूची शेतकऱ्याची पोर, बारावी झालेली, कामाला वाघ. चेहरा मात्र जन्मापासूनचा गंभीर. भावाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती परीक्षेला बसल्यासारखी दिसते. मुलाखतीत आईने बजावल्याप्रमाणे तिने दात दाखवले आणि तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. काम पटलं तर कायम होणार होती, आणि कायम झाली तर घरचे तिच्या लग्नाची घाई थांबवणार होते. त्यामुळे ही नोकरी तिला जिवापाड हवी होती.

आता त्या लॉजवर उतरायचं कोण? बहुतेक नारायण नागबळीचा विधी करायला आलेली माणसं. कुणाचं माणूस पाण्यात गेलेलं, कुणाचं गाडीखाली. त्यांच्यासाठी शेठचा नियम असा, की दारातून येईल त्याच्याकडे बघून तोंडभर हसायचं आणि ‘तुमचा मुक्काम आनंदाचा होवो’ म्हणायचं. नियम करणाऱ्याला लाज नव्हती, पण पाळणारीला होती. पहिल्याच आठवड्यात लातूरकडचं एक जोडपं आलं. हर्षालीने हसून ते वाक्य म्हटलं, तशी बाई दारातच थबकली.

“पोरी, आम्ही लेकाचं करायला आलोय,” ती म्हणाली.

हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं, पिशव्या स्वतः वर नेऊन ठेवल्या. त्यानंतर ती कुणाकडेही बघून हसली नाही. शेठ कॅमेऱ्यात तिचं तोंड बघायचा आणि बोलावून झापायचा. त्याला आवडायची ती दुसरी मुलगी, तेजल. ती सांगितल्याबरोबर हसायची.

तिसऱ्या महिन्यात शेठची आई वारली. दहावा आटोपून, डोक्याचा गोटा केलेला शेठ लॉजवर आला. दाराशी तेजल होती. शिकवल्याबरहुकूम तिने बत्तीशी दाखवली आणि त्याचाही मुक्काम आनंदाचा होवो म्हणाली. शेठ असा भडकला की बिचारी रडायलाच लागली. मग तो हर्षालीच्या टेबलापाशी येऊन बसला. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ऐकत राहिली. शेठ कितीतरी वेळ आईबद्दल बोलत होता, नाक पुसत होता. उठताना म्हणाला, तू होतीस म्हणून बरं वाटलं. हर्षालीला वाटलं, चला, याच्या टाळक्यात प्रकाश पडला.

कसला प्रकाश! महिनाअखेरीला त्याने तिला बोलावलं. काम चोख आहे, पण स्वभाव लॉजला शोभत नाही, म्हणाला. वर नवी जाहिरात तिच्याच हातात दिली, जाताना पेपरवाल्याकडे टाकून जा म्हणून. तिने उभ्या उभ्या वाचली. सगळे तेच शब्द होते, फक्त शेवटी एक नवा घातलेला: संवेदनशील.

हर्षालीला हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग खदाखदा, टेबल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेठचा चेहरा एकदम खुलला.

“हे बघ, हेच! हेच हसू मला पाहिजे होतं. उद्यापासून रोज असं हसायचं. तू कायम.”

नोकरी सोडली तर घरी तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागणार, हे हर्षालीला ठाऊक होतं. तरी तिने डोळे पुसले आणि कागद टेबलावर परत ठेवला.

“रोज असं हसायचं म्हंजे शेठ, तुमाला रोज समोर बसावं लागंल,” ती म्हणाली, आणि आपला डबा उचलून चालती झाली.