लेकराला दिलेले दात

आमच्या वहिनी हसताना पदर तोंडावर धरत. मखमलाबादच्या आमच्या भावकीत याचं फार कौतुक होतं. "सून असावी तर अशी. एवढी वर्षं झाली, कधी दात दिसले नाहीत," असं बायका म्हणत. दिसणार कुठून? वरचे समोरचे दात वहिनींना नव्हतेच. पदरामागे मर्यादा नव्हती, खिंडार होतं.

लग्न होऊन आल्या तेव्हा दात होते, आणि भक्कम होते. आमची फुलशेती. दुपारी शेवंती तोडायची, संध्याकाळी ओसरीवर बसून हार करायचे. आम्ही बाकीच्या कात्रीसाठी एकमेकींवर ओरडायचो. वहिनी मान जराशी वाकवून दोरा दाताने तोडत आणि पुढचा हार घेत. "कात्री हरवते, ताई. दात कुठं जातात?" असं मला म्हणाल्या होत्या.

पहिल्यांदा दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. ब्रश तोंडात घातला की उमळून यायचं, म्हणून दात घासणं सुटलं. हिरड्या सुजल्या, थुंकीत रक्त दिसायला लागलं. माझ्या आईने मिसरीची डबी पुढे केली. "लाव, बधिर होतं. एक लेकरू, एक दात. आईचा दात लेकराच्या हाडात जातो. मला बघ." आईच्या तोंडात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी तेव्हा लग्न होऊन नाशिक रोडला राहायचे, नोकरी करायचे. वहिनींना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सरळ सांगितलं. लेकरू आईचे दात खात नाही. या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात, आणि घासणं सुटलं की घाण साचते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको. आधी खळखळून चूळ भरायची, थोड्या वेळाने मऊ ब्रशने घासायचं. मिसरी बंद. आता पाचवा महिना आहे, हिरड्या साफ करायला हीच वेळ चांगली, बधिर करायचं इंजेक्शन लागलं तरी भिण्यासारखं काही नाही. सोमवारी या, म्हणाल्या. परतताना वहिनी रिक्षात हळूच म्हणाल्या, "म्हणजे वाचतील, ताई?"

रविवारी आईने विषय संपवला. "पोटुशी बाईला कुठं सुई टोचतात का? लेकराला काही झालं तर तू भरून देशील? लय शिकली!" दादा अंगणात फुलांचे क्रेट लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बाळंत झाल्यावर बघू." माहेरी आलेल्या मुलीचं मत म्हणजे पाहुणीचं मत, चहाबरोबर संपतं. वहिनींनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या, ताई."

डोहाळजेवणाला घरच्याच शेवंतीचे दागिने केले होते. वहिनींचा वरचा ओठ सुजून नाकाशी आला होता. फोटोवाला म्हणत होता, "वहिनी, हसा की जरा." बायका म्हणत होत्या, "रूप उतरलंय, मुलगीच असणार." ताटात करंज्या, चकल्या, सगळं चावायचंच. वहिनींनी दुधात कुस्करलेली पोळी गिळली आणि ओटी भरून घेतली.

मुलगा झाला, धडधाकट. म्हणजे आईचंच खरं ठरलं. बाळंत झाल्यावर बघायचं होतं, पण मूल अंगावर पीत होतं. मग दसऱ्याचा हंगाम आला. मग मुलीच्या वेळी दिवस गेले. शेवटी दाखवायला गेलो तेव्हा समोरचे दात बोटाने हलत होते. डॉक्टरीणबाईंनी ते काढले. कवळी बसवून घ्या म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "आता कोणाला दाखवायचेत? लेकरांना दिले." पुढे हे त्यांचं बोलणंच झालं. मुलगा फुलांचा टेम्पो घेऊन निघाला की म्हणत, "माझ्या दातांवर उभा हाय तो." हार करताना मांडीशी ब्लेड ठेवत.

गेल्या वर्षी त्याच मुलाच्या बायकोला, ऋतुजाला, चौथ्या महिन्यात तेच सुरू झालं. ऋतुजा मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते आणि दोरा दाताने तोडते. वहिनी पदराआडून म्हणाल्या, "एक लेकरू, एक दात. बाळंत झाल्यावर बघू."

"वहिनी, तुम्ही म्हणता हे?"

"मी नाही निभावलं?"

ऋतुजाने तोवर चपला घातल्या होत्या. "आत्या, तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?"

डॉक्टरीणबाईंकडे दोन खेपांत काम झालं. मुलगी झाली, छान वजनाची. ऋतुजाचे दात जिथल्या तिथे आहेत.

बारशाला वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. विचारल्याशिवाय सुनेला नेलं याचा राग असेल, असं मी धरून चालले. निघताना त्या दारापर्यंत आल्या. पदर खांद्यावरच होता. पहिल्यांदाच मला ते तोंड भर उजेडात दिसलं.

"बरं नाही केलं, ताई. इतकी वर्षं मी धरून होते, लेकरांना दात दिले म्हणून. ते तर असेच गेले."

खोटं बोलणं मला जमत नाही. मी रिक्षात बसले.

तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ऋतुजा फोनवर सांगते, संध्याकाळी हार करायला बसलं की सासूबाई ब्लेड तिच्यापुढे सरकवतात. ती घेत नाही, दोरा दाताने तोडते. दाताने दोरा तोडू नकोस, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं आहे. मी मात्र तिला अजून एकदाही टोकलेलं नाही.